लाइनवर थांबलेली माणसं

अलीकडे काय वाचलं असं कुणी विचारलं, तर मी पुस्तकाचं नाव सांगत नाही, त्यात कोण मेलं ते सांगते. टॅक्सीवाल्याचं पुस्तक. तळ्यातल्या मुलीचं पुस्तक. आणि ती उशीएवढी जाड कादंबरी, जिच्यात धाकटे काका जिन्यावरून पडतात. वाचनालयातल्या बाईंनाही आता सवय झाली आहे. "आज कुणाचा नंबर?" असं म्हणतच त्या कपाटाकडे वळतात.

वाचनाचं वेड जुनंच, पण मोठ्याने वाचायला लागले ते सासूबाईंची नजर गेल्यावर. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, "आता बरं दिसतंय की आधीचं बरं होतं?" असं विचारायचं, भिंगं घासून बसवायची. आणि माझ्याच घरात भिंगाचा काही उपयोग नव्हता. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, नजरेच्या मधोमध डाग पडला आहे. कडेचं अंधुक दिसतं, समोरचं नाहीसं होतं. म्हणून बोलताना त्या माणसाच्या खांद्यापलीकडे बघतात. नवखा माणूस हमखास मागे वळून पाहतो, कोण उभं आहे म्हणून.

नवरा जहाजावर. घरात आम्ही दोघीच. दुकानातून आले की हातपाय धुवायचे, देवापाशी दिवा लावायचा आणि आईंच्या खाटेशेजारी पुस्तक घेऊन बसायचं. आईंना रहस्यकथाच लागतात. "प्रेमात पडलेली माणसं ऐकून ऐकून कान किटलेत माझे," म्हणतात. जन्मभर त्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर होत्या. इकडची तार तिकडच्या भोकात खुपसून माणसाला माणूस जोडून द्यायचा. त्यांचा एकच कडक नियम होता, लाइनवर कुणाला ताटकळत ठेवायचं नाही. जोडून द्या, नाहीतर सरळ सांगा की जोडता येत नाही. "नुसतं 'थांबा हं' म्हणायचं आणि विसरायचं, यापेक्षा शिवी दिलेली बरी," असं त्या नव्या मुलींना सांगत.

पावसाळा सरता सरता आईंना धाप लागली म्हणून डॉक्टरांकडे नेलं. तपासून झाल्यावर त्यांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. हृदय पार थकलंय, म्हणाले. औषधांनी ढकलायचं इतकंच. हा हिवाळा गेला तर नशीब समजा. ज्यांना भेटायचंय त्यांना भेटून घेऊ द्या.

मी आत आले. आईंनी विचारलं, "काय म्हणाले गं?"

"अशक्तपणा आहे म्हणाले. आराम करा."

त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही, मी तेच कळवलं. तो म्हणाला, मग रजा उन्हाळ्यातच घेतो. मी बरं म्हटलं. मरणाचा शब्द उच्चारला नाही तर ते दारावरूनच परत जाईल, असं काहीतरी माझ्या मनाने घेतलं होतं. आईंवाचून हे घर मला कल्पनेतही नको होतं.

त्याच आठवड्यात टॅक्सीवाल्याचं पुस्तक सुरू होतं. पुस्तक तसं बेतास बात. खुनी कोण ते लवकर कळतं, कारण सगळ्या पुस्तकात एकटा तोच सारखा हात धुतो. पण टॅक्सीवाला लेखकाने जीव लावून काढलाय. मरणाऱ्यांना हे लेखक लोक आधी असेच गोजिरवाणे करून ठेवतात. एखादं कुत्रं देतात, नाहीतर आजारी बहीण देतात. बोगद्यात गाडी थांबते, मागचं दार उघडतं, त्या पानाशी आले आणि माझी जीभ अडखळली. मग मी सरळ थाप मारली. टॅक्सीचं चाक पंक्चर झालं, तो बोगद्यात गेलाच नाही, घरी जाऊन झोपला.

पुढे चटकच लागली. तळ्यातल्या मुलीला मी सर्दी केली, तिची होडी चुकवली. वास्तविक त्या पुस्तकातलं ते प्रकरण सगळ्यात सुरेख आहे. पाण्याखालून तिला काठावरचे दिवे दिसतात आणि ते दिवे तिच्याशी बोलतात. ते मी मनात वाचलं आणि तोंडाने काढ्याचं बोलले. काकांना जिन्याच्या कठड्याला धरून ठेवलं. शिवाय मला आवाजाचं अंग आहे. कीर्तनं ऐकून ऐकून कान तयार झालाय माझा. बुवा बाण सुटायच्या आधी कसे आवाज खाली आणतात आणि झांज कशी एकदाच वाजते, ते मला पाठ आहे. त्याच आवाजात मी पंक्चर सांगत होते. आई ऐकत राहायच्या, माझ्या खांद्यापलीकडे बघत.

एकदा संध्याकाळी घरी आले तर खाटेसमोरची खुर्ची भिंतीपासून पुढे ओढलेली.

"कोण आलं होतं?"

"टॅक्सीवाला," आई म्हणाल्या.

मला वाटलं, कुणीतरी पत्ता चुकला असेल. "काय हवं होतं त्याला?"

"काय हवं असणार? बसून होता बिचारा. म्हणाला, घरी जाऊन झोपलो, मग पुढे काही नाहीच. उठलो की परत झोपलेलाच. बराच वेळ टोपी फिरवत होता हातात."

टोपी. ती तपकिरी टोपी त्या बोगद्याच्या पानावरच पहिल्यांदा येते, आणि ते पान मी वाचलंच नव्हतं.

डॉक्टरांना फोन केला. ते हसले. नजर अशी गेली की मेंदू आपल्या पदरची चित्रं भरतो, म्हणाले. कुणाला फुलं दिसतात, कुणाला मुलं. घाबरू नका, वेड नव्हे. मला हायसं वाटलं. टोपीचं मात्र मी त्यांना विचारलं नाही.

मग तळ्यातली मुलगी आली. ती बसायची नाही, खिडकीशी उभी राहायची. "केस ओले आहेत तिचे," आई म्हणाल्या. "मी म्हटलं, अगं पूस, सर्दी झालीय ना तुला? तर म्हणते, सर्दी कुठली? मला तळ्यावर जायचंय, मला जाऊ देत नाहीत." खिडकीखालची फरशी मी पुसून घेतली. पाणी होतं. कुंडीचं असेल. कुंडी पलीकडच्या खिडकीत आहे, हे फडकं पिळताना लक्षात आलं.

काका आल्यावर आईंना दुपारची झोप पारखी झाली. तो गृहस्थ कठड्याला धरल्यासारखा हात वर करून खोलीभर हिंडतो म्हणे. दमलाय, पण हात खाली घेववत नाही त्याला. आई उठून बसायच्या, त्यांची समजूत काढायच्या, सगळ्यांना थांबा, बघते म्हणायच्या. जुनी सवय. चेहरा उतरत चालला, पायांवर सूज आली. मी दुकानातून निघताना दचकायला लागले. जिना चढताना आतून बोलण्याचा आवाज यायचा, एका माणसाचा नव्हे, पुष्कळांचा, दबक्या आवाजातला, रांगेत उभं असताना असतो तसा. कुलपात किल्ली फिरली की शांत.

"आई, यांना हाकलून द्या ना."

"मी काय हाकलू? आणलंस तू." मग म्हणाल्या, "वाचताना तू उडी मारतेस तिथे आधी श्वास घेतेस. मी जन्मभर कानावर पोट भरलंय गं. डॉक्टरांपासून चोरांपर्यंत सगळ्यांचे श्वास ऐकलेत. पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला बरं वाटत होतं म्हणून. पण या लोकांनी काय घोडं मारलंय तुझं? लाइनवर ठेवून दिलंस सगळ्यांना. ना इकडे ना तिकडे."

मी देवघरापाशी जाऊन बसले. कीर्तनात काय कमी माणसं मरतात? राजे मरतात, पोटची पोरं मरतात, सगळा मांडव डोळे पुसतो. पण बुवा कुणाला वाऱ्यावर सोडत नाहीत. ज्याचा त्याचा शेवट पुरा करून, त्याला देवाच्या पायाशी नीट पोचवून मगच खाली बसतात. मी दया दाखवायला गेले आणि या तिघांना दारातच उभं करून ठेवलं.

सुटीच्या दिवशी सकाळीच वाचनालय गाठलं. तिन्ही पुस्तकं परत मागितली, तेव्हा बाई म्हणाल्या, "एकदा मारून समाधान झालं नाही वाटतं?" मी हसले. पुस्तकं पिशवीत घातली.

दुपारी पडदे सारले आणि आईंशेजारी बसले. आधी बोगदा वाचला. दार उघडलं तिथे आवाज कापायला लागला, पण शब्द गाळला नाही. शेवटच्या ओळीनंतर पुस्तकात नाही ते एवढंच घातलं, देवाचं नाव घेतलं. खुर्ची फरशीवर जराशी सरकल्याचा आवाज आला. आई म्हणाल्या, "टोपी घातली त्याने. गेला."

मुलीचं प्रकरण मी हळू वाचलं, कारण ते हळूच वाचण्यासारखं आहे. काठावरच्या दिव्यांशी आले तेव्हा खोलीत गारवा भरून आला आणि मग ओसरला. काकांना फार वेळ लागला नाही. लेखकाने त्यांना अर्ध्या वाक्यात उरकलंय, सहाशे पानं जपलेल्या माणसाला. पहिल्या वाचनात मला राग आला होता. आता वाटलं, बरं केलं, जास्त दुखलं नसेल. "हात खाली घेतला गं त्यांनी," आई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी उशीला टेकल्या. मी पुस्तकं आवरायला लागले. खोली मोकळी वाटत होती. आता आई झोपतील, खातील, सूज उतरेल, असे मनात मांडे खात होते.

"एक राहिलीय," आई डोळे मिटूनच म्हणाल्या.

"कोण राहिलीय? तिघंच होती. नीट आठवतंय मला."

"नाही. ही पहिल्यापासून आहे. टॅक्सीवाल्याच्याही आधीपासून. दाराशी बसलेली असते, पाठमोरी. काही बोलत नाही, मागत नाही. म्हणून मी तुला बोलले नाही."

मी दाराकडे पाहिलं. तिथे माझ्या चपला होत्या आणि भिंत होती.

"कुठल्या पुस्तकातली आहे? काय वाचू सांगा, आत्ता आणते."

"ते तुलाच ठाऊक. म्हातारी आहे. माझ्यासारखाच अंबाडा घातलाय. शालही माझीच आहे गं, ती निळी, कोपऱ्यात रफू केलेली."

शाल आईंच्याच अंगावर होती. मी खाटेच्या कडेवर टेकले. खालून रस्त्यावरचे आवाज येत होते, कुणीतरी गाडी मागे घेत होतं, कुणी कुणाला थांब थांब म्हणत होतं. आईंनी अंदाजाने माझा हात शोधला आणि धरला. त्यांचा हात माझ्याहून गरम होता.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "मला फक्त तिचा चेहरा बघायचाय. ती वळत नाहीये. तू बाहेर डॉक्टरांशी बोलून आत आलीस ना, तेव्हापासून बसलीय."

"आई, डॉक्टर म्हणाले..." आणि मी श्वास घेतला. आईंनी हात दाबला. मी तो श्वास तसाच सोडून दिला आणि पहिल्यापासून सुरू केलं. जसं ऐकलं होतं तसंच, एकही शब्द न गाळता. हृदय थकलंय. औषधांनी ढकलायचं इतकंच. हा हिवाळा. ज्यांना भेटायचंय त्यांना भेटून घेऊ द्या. आवाज वर नाही, खाली नाही. झांज वाजवण्यासारखं तिथे काही नव्हतं. शेवटी देवाचं नाव घ्यायला गेले तर ओठ हलेनात. ते आईंनीच घेतलं.

मग आईंनी मान दाराच्या किंचित बाजूला वळवली. समोरचं बघायला त्यांना बाजूला बघावं लागतं. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मी एकेक सुटताना पाहिल्या.

"वळली," त्या म्हणाल्या.

मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं. "बरा आहे गं चेहरा. मी उगाच भ्यायले होते. जरा दमलेली दिसते, एवढंच."

"गेली का?"

"नाही. आता इकडे तोंड करून बसलीय. बसू दे, तिला घाई नाही." मग उशीवरून उठत म्हणाल्या, "फोन दे इकडे. जहाजावर आत्ता लागेल ना?"

"मी सांगते त्यांना. माझ्याकडून चुकलंय."

"तू नको. रडशील, त्याला अर्धं कळेल अर्धं नाही. हे माझं काम आहे."

मी नंबर लावून दिला. आईंनी शाल नीट केली, पाठ ताठ केली, आणि पलीकडून मुलाचा आवाज आल्यावर बोर्डावरच्या आवाजात म्हणाल्या, "मी आई बोलतेय. नीट ऐक, मधे बोलू नकोस. रजा उन्हाळ्यात नको घेऊस, आत्ताच घे."

मी दाराशी गेले. माझ्या चपला कुणीतरी जरा बाजूला सरकवून ठेवल्या होत्या, बसायला जागा करावी तशा. त्या मी तशाच राहू दिल्या.