तापाचा तक्ता

त्यांच्या घरात कॉम्प्युटर आला नव्हता, घडला होता. आणि तो घडवला होता भिंगरीने. सुट्टीतले अकरा दिवस जेवणाच्या टेबलावर पेटी, पंखा, वायरी आणि स्क्रू मांडून तिने तो एकटीने जोडला. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडद्यावर अक्षरं उमटली, तेव्हा ती अशी किंचाळली की शेजारच्या काकू अनवाणी धावत आल्या. तेव्हापासून बाईसाहेबांचे पाय काही जमिनीला लागले नाहीत. दादा तिला चिडवायला ‘कारखानदार’ म्हणायचा आणि तिला ती पदवीच वाटायची.

त्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या दोघीच. एक भिंगरी, दुसरी तिची आत्या. आत्या चौतीस वर्षं परिचारिका होती. निवृत्त झाल्यावर तिने नव्या परिचारिकांसाठी पुस्तक लिहायला घेतलं. टाइप करायची दोनच बोटांनी, पण मुंगीच्या चिकाटीने. बघता बघता चाळीस पानं झाली. आणि मग एके दिवशी पडदा निळा पडला आणि कॉम्प्युटर बंद. दोन दिवसांनी पुन्हा. तिसऱ्यांदा तर ‘भाजलेल्या जखमा’ हे अख्खं प्रकरण उघडलं, तर आत नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

“आत्या, काय दाबलंस तू?”

“काही नाही गं. ‘पट्टी बांधणे’ लिहीत होते.”

“काहीतरी दाबलंच असशील. मी जोडलाय तो, उगाच कसा बंद पडेल?”

“नाचता येईना, अंगण वाकडं!” दादाने सोफ्यावरून री ओढली आणि भिंगरी खो खो हसली. दुसऱ्या दिवशी तिने पडद्याच्या वर भिंतीवर एक कागद चिकटवला. ‘आत्यासाठी नियम’. एकूण सात. सातवा असा: ‘शंका आल्यास हात काढून घ्यावा.’ घरी आलेल्या मैत्रिणींना तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. सगळ्या हसल्या. आत्याही हसली, पण जरा उशिरा.

बंद पडणं मात्र थांबलं नाही. शनिवारी आत्या आईला म्हणाली, “उद्या संध्याकाळी छापखान्यात फोन करून नाही म्हणून सांगते. हे पुस्तक आता माझ्याच्याने होत नाही. चौतीस वर्षांत इंजेक्शन देताना कधी हात चुकला नाही, आणि इथे कुठे चुकतो तेच कळत नाही.”

भिंगरीने ते ऐकलं आणि ऐकून सोडून दिलं.

रविवारी सकाळी आत्या भाजी आणायला गेली होती. भिंगरी शाळेचा प्रकल्प लिहीत होती. शेवटचा परिच्छेद, आणि पडदा निळा! आजूबाजूला कोणी नाही. हात कोणाचे? तिचेच.

तिने झटकन हात काढून घेतले. तरी कारखानदारच ती, स्वस्थ कशी बसेल? मेमरी तपासायचा प्रोग्राम तिच्याकडे होता. तो मेमरीच्या कानाकोपऱ्यात काहीतरी लिहितो, परत वाचतो, आणि जे लिहिलं तेच वाचता आलं नाही की लाल ओळ दाखवतो. पाचच मिनिटांत पडदा लालेलाल झाला. मेमरीच्या पट्ट्या दोन होत्या. कुठली बिघडली ते शोधायचं तर एक काढून दुसरी तपासायची, मग उलट. पहिली एकटी लावली, लाल ओळी. दुसरी एकटी लावली, तरी लाल ओळी. पट्ट्या बसवायच्या खाचा बदलून पाहिल्या, तेच. दोन्ही पट्ट्या एकदम कशा बिघडतील?

पट्ट्यांवर खुणा करायला पेन्सिल हवी म्हणून तिने टेबलाचा खण उघडला. आत आत्याची वही होती. वर सुवाच्य अक्षरात: ‘माझ्या चुका’.

आत रकाने आखलेले होते. रुग्णाच्या पलंगाला तापाचा तक्ता टांगतात, अगदी तसे. तारीख. वेळ. काय करत होते. पेटी गरम की गार. शेवटचा रकाना, ‘माझं काय चुकलं’. तो प्रत्येक ओळीत रिकामा. फक्त एका ठिकाणी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘सापडत नाही. जास्त लक्ष द्यायला हवं.’

पहिली नोंद होती नऊ तारखेची. त्याआधी एकही नाही.

आणि आठ तारखेला? आठ तारखेला वर्गातल्या एकीने स्वतःच्या कॉम्प्युटरच्या वेगाचा तोरा मिरवला होता. भिंगरीने घरी येऊन सेटिंगमध्ये मेमरीचा वेग वाढवला. पट्टीवर छापलेल्या आकड्याच्या कितीतरी वर. पडद्याचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला, वाहवा मिळवली, आणि विसरून गेली. पट्ट्या चांगल्याच होत्या. झेपणार नाही इतक्या वेगाने त्या पळवल्या जात होत्या.

तिचे कान तापले. तिने वेग मूळ आकड्यावर आणला, दोन्ही पट्ट्या बसवल्या आणि तपासणी सुरू केली. अडीच तास ती खुर्चीवरून उठली नाही. एकही लाल ओळ नाही. पास होऊन रडू येण्याची तिची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

दुपारी सगळे टेबलाशी बसले होते. गुपचूप कागद फाडून, “झाला गं दुरुस्त” म्हटलं असतं तरी कोणाला काही कळलं नसतं. पण हसली होती ती सगळ्यांसमोर. मान खाली घालून ती उभी राहिली.

“आत्या, छापखान्यात फोन करू नकोस. तुझं काहीच चुकत नव्हतं. मी फुशारकीसाठी मेमरीचा वेग वाढवला होता. आठ तारखेला. तुझ्या वहीमुळे कळलं.”

दादाने तोंड उघडलं. आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने ते मिटलं.

आत्याने आपले दोन्ही हात टेबलावर पसरले. मग म्हणाली, “मी रोज रात्री माझी बोटं बघत होते गं. थरथरतात की काय म्हणून.”

भिंगरीला वाटलं, हिने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

“वही आण,” आत्या म्हणाली. “तक्ता अर्धवट ठेवू नये. नव्या मुलींना मी तेच शिकवायचे.”

भिंगरीने वही आणली. शेवटच्या रकान्यात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकूण नऊ वेळा तिने एकच वाक्य लिहिलं: ‘चूक भाचीची.’ वरचं ‘माझ्या चुका’ खोडायला ती पेन्सिल टेकवणार, तोच आत्याने तिचा हात धरला.

“राहू दे. आता वही तुझी झाली.”

मग ती उठली, चष्मा पुसला आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. ‘भाजलेल्या जखमा’ पुन्हा पहिल्यापासून लिहायचं होतं. भिंगरीने भिंतीवरचा कागद काढला आणि शेजारी स्टूल ओढलं.

“तू सांग, मी टाइप करते.”

“नको,” आत्या म्हणाली. “तू नुसती बस.”

ती बसली. दोन बोटं अक्षर शोधत सावकाश चालत राहिली, आणि भिंगरीने हात मांडीवर ठेवले ते उचललेच नाहीत.