सतरावं गाव

मला गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण वेळेवर न सांगितल्यामुळेच पुढचं सगळं घडलं.

कुवेतमध्ये मी बावीस वर्षं काढली. त्यातली बहुतेक मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत, एका कंत्राटदाराच्या ऑफिसात. कुठलं ड्रॉइंग कोणत्या कपाटात आहे ते लक्षात ठेवायचं आणि मागितलं की काढून द्यायचं, एवढंच माझं काम. तिथे एतिएन नावाचे एक फ्रेंच इंजिनियर होते. अहमदीत त्यांचं बैठं घर होतं आणि त्यांच्याकडे कानेल नावाची कुत्री होती. कानेल म्हणजे दालचिनी. तिचा रंगही तसाच होता. साहेब उन्हाळ्यात सुट्टीवर गेले की तिला फिरवण्याचं काम माझ्याकडे यायचं. मी ते मागितलं नव्हतं, पण नाही म्हणणं मला जमत नाही.

पहाटे पाचला निघावं लागे. सातनंतर रस्ता इतका तापतो की तिचे पंजे भाजले असते. साहेबांनी मला फ्रान्सच्या रस्त्यांचं एक जुनं नकाशांचं पुस्तक दिलं होतं आणि ते मला जवळजवळ पाठ झालं होतं. अहमदीच्या सरळ, एकसारख्या रस्त्यांवरून जाताना मी मनात दोर्दोन्य नदीचा काठ धरून चालायचो. पहिला चौक म्हणजे बेनाक, मशिदीपुढचं वळण म्हणजे दोम. कानेल एखाद्या झाडापाशी पाच मिनिटं हुंगत राहिली की मीही पाच मिनिटं त्या गावात थांबायचो. असे तीन उन्हाळे गेले. माझी बायको शामला जाब्रियाच्या एका क्लिनिकमध्ये नर्स होती. ती तेव्हा आईच्या आजारपणासाठी रत्नागिरीला जायची. मी मागे एकटा काय करतो, हे कोणी विचारलं नाही. मला सहसा कोणी काही विचारत नाही.

सत्त्याण्णव साली गुरुप्रसादनं तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख मागितला. गुरुप्रसाद म्हणजे मंडळाचा सेक्रेटरी, हॉस्पिटलांमधली यंत्रं दुरुस्त करणारा, सतत घाईत असलेला माणूस. मी 'दालचिनीबरोबर सतरा गावं' लिहून दिलं. गाडी, मागच्या सीटवर कुत्री, रोज एखादं-दुसरं गाव, कसली घाई नाही. सोळा गावं नकाशातली होती. सतरावं, मोंतुर्ल, माझं. मुक्कामाला एक गाव हवं होतं आणि खऱ्या गावात परवानगीशिवाय मुक्काम करायचा मला धीर झाला नाही. म्हणून मी आईचं गाव घेतलं, संगमेश्वराजवळचं तुरळ. तिथलं गरम पाण्याचं कुंड घेतलं, चढावरची घरं घेतली. एका हातानं पिठाची गिरणी चालवणारे दाजी होते, लहानपणी ते मला दळणाच्या रांगेत पुढे घ्यायचे. त्यांना मी बेकरीवाला केलं. शेवटी दोन ओळी लिहिल्या: 'हा प्रवास मी केलेला नाही. तो नकाशावर झाला आहे.'

अंक हातानं लिहून झेरॉक्स व्हायचा. माझ्या पानाच्या तळाशी एका कार्गोवाल्याची जाहिरात बसवायची होती, ती बसेना, म्हणून गुरुप्रसादनं शेवटच्या दोन ओळी काढल्या. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, त्या दोन ओळींत तसं काही नव्हतं.

लोकांनी मला शाबासकी दिली. मी म्हटलं, "अहो, मी कुठे गेलो होतो?" ते हसले. मी कुठल्याही गोष्टीबद्दल असंच बोलतो. एकदा ऑफिसात मला बक्षीस मिळालं होतं, तेव्हाही ते चुकून दिलंय असं मी म्हणालो होतो, आणि ते मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण मार्चमध्ये डॉ. विश्वास पोंक्षे यांनी एका शुक्रवारच्या कार्यक्रमात माईकवरून जाहीर केलं की आपल्या लग्नाला जूनमध्ये पंचवीस वर्षं होतात आणि ते व विजयाताई माझ्या लेखातल्या रस्त्यानं जाणार आहेत, गाडी भाड्यानं घेऊन, त्याच क्रमानं. लग्नाच्या वाढदिवसाची रात्र मोंतुर्लला. पोंक्षे भूलतज्ज्ञ. ते बोलायला लागले की समोरचा हळूहळू गप्प होतो.

म्हणजे जे गाव नाही, तिथे एका नवरा-बायकोची पंचविसाव्या वर्षाची रात्र ठरली होती. माझ्याकडे अडीच महिने होते.

शामला म्हणाली, फोन उचला आणि एका वाक्यात सांगा. मी ते वाक्य कागदावर लिहूनही ठेवलं. फोन विजयाताईंनी घेतला. त्यांनी स्वेटर लागेल का विचारलं, तिथे शाकाहारी काय मिळेल विचारलं, आणि वीस मिनिटांनी मी त्यांना सांगत होतो की जूनमध्ये संध्याकाळी गारवा असतो. मला खरंच माहीत होतं, वाचलेलं होतं. फोन ठेवल्यावर शामलानं माझ्याकडे पाहिलं आणि भाजी चिरायला गेली.

दुसऱ्या वेळी मी डॉक्टरांना हॉलच्या बाहेर गाठलं. मी म्हणालो, मोंतुर्ल नकाशात नाही. ते खूश झाले. म्हणाले, म्हणूनच तर जायचं, नकाशात असलेल्या गावांना काय कोणीही जातं.

तिसऱ्या वेळी मी गुरुप्रसादला सांगितलं की तू सांग. तो म्हणाला, "काका, तुम्ही ना फार विचार करता. चांगलं लिहिलंय, चांगलं म्हणा की."

मग मी पत्र लिहिलं. ते सहा पानी झालं. पहिली चार पानं आपला वेळ घेतल्याबद्दल क्षमा मागण्यातच गेली. मुद्दा पाचव्या पानावर आला. हे मला तेव्हाही कळत होतं, पण चार पानं कमी करायला बसलो की ती पाच होत. त्यांच्या निघण्याच्या आदल्या गुरुवारी मी जाब्रियाला त्यांच्या घरी गेलो. जिन्यात बराच वेळ उभा राहिलो. डॉक्टरांनी पाकीट हातात घेऊन त्याचा जाडपणा चाचपला, आशीर्वाद दिसतोय म्हणाले, आणि ते पासपोर्टांच्या फाइलमध्ये ठेवून दिलं. पंचवीस तारखेला मोंतुर्लला पोचल्यावर उघडू, असं त्यांनी विजयाताईंना सांगितलं. मी "आत्ताच वाचा" म्हणालो. निदान म्हणालो असं मला वाटतं. विजयाताईंनी माझ्या हातावर शंकरपाळे ठेवले.

त्याच महिन्यात एतिएनसाहेब निवृत्त होऊन गावी गेले आणि कानेलला घेऊन गेले. विमानतळावर तिला पिंजऱ्यात घालताना साहेबांनी मलाच बोलावलं, कारण दुसऱ्या कोणाचं ती ऐकेना. माझं ऐकून ती आत गेली. हे मी शामलालाही कधी धड सांगितलं नाही.

ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी मंडळात पोंक्ष्यांचा स्लाइडशो झाला. प्रवास करून आलेल्यानं स्लाइड दाखवायच्या, ही तिथली पद्धत. हॉल भरला होता. मी मागच्या रांगेत होतो. मला पुढे बोलावलं गेलं, मी गेलो नाही. सोळा गावं एकामागून एक आली, आणि कबूल करायला हवं, ती मी लिहिल्यासारखीच होती. दगडी घरं, खिडकीतली फुलं, नदी. एका चौकात डॉक्टर कोणाच्या तरी कुत्र्याचा पट्टा धरून उभे होते, त्यावर सगळे हसले. मी प्रत्येक चित्रात मागच्या बाजूला पाहत होतो, एखादी दालचिनी रंगाची शेपटी दिसते का म्हणून. मूर्खपणाच तो. फ्रान्स काही एवढंसं नाही.

मग एक चढावरचा रस्ता आला, पावसात भिजलेला. डॉक्टर म्हणाले, "आणि हे मोंतुर्ल."

मी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा भरल्या सभेत कोणी न विचारता बोललो.

"हे गाव नाही," मी म्हणालो. "ते मी रचलं होतं. मी फ्रान्सला कधी गेलेलो नाही. मला गाडीसुद्धा येत नाही."

मग पुढून कोणीतरी हसलं, आणि हसू मागपर्यंत पसरत आलं. गुरुप्रसाद पुढच्या रांगेतून वळून म्हणाला, "झालं, काकांचं सुरू झालं. ते बक्षीसही चुकून मिळालं होतं ना, काका?"

डॉक्टरांनी माईक जवळ घेतला. "तुळशीदासराव, बसा. बेकरीवाल्यानं तुम्हाला नमस्कार सांगितलाय. एका हातानं असा पाव कापतो, काय सांगू."

टाळ्या पडल्या. मला खाली बसवलं गेलं. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, एवढं लाजू नका म्हणाल्या. खरं सांगितल्यावर लोक चिडतील, इतकीच भीती मी सात महिने बाळगली होती. लोक ऐकणारच नाहीत, ही शक्यता माझ्या मनातही आली नव्हती.

फराळाच्या टेबलापाशी विजयाताई माझ्याजवळ आल्या. त्यांनी आपली प्लेट भरून घेतली आणि माझ्याकडे न बघता बोलल्या.

"पत्र मी वाचलं, भाऊजी. गाडीत, टॉर्च लावून. तीन तास आम्ही त्या चढावर खालीवर केलं. पाऊस होता. शेवटी पेट्रोलपंपावर गाडी लावली आणि तिथंच सकाळ केली."

मी क्षमा मागायला लागलो.

"ते चार पानांत वाचलंय," त्या म्हणाल्या. "चार पानं काय ती क्षमा, मला वाटलं यांचं काही दुखतंखुपतं आहे."

त्या रागावल्या होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"यांनी इथं निघायच्या आधी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. परत येऊन काय सांगणार, की पंपावर झोपलो? आता तुम्ही परत उठू नका. एवढं करा."

मी बरं म्हणालो. पलीकडे डॉक्टर चार जणांना कुंडाचं पाणी किती गरम होतं ते सांगत होते. हात किती वेळ ठेवता येतो तेही. ते बरोबर सांगत होते. माझा लेख त्यांनी नीट वाचला होता, इतका नीट आजवर कोणी वाचला नव्हता, आणि मला ते ओरडून थांबवता येत नव्हतं.

गुरुप्रसाद हातात चहा घेऊन आला. या दिवाळीला दुसरा भाग हवा म्हणाला. इटली चालेल, स्वित्झर्लंड चालेल, कुत्रा मात्र हवाच.

मी म्हटलं, मी माझ्या आईच्या गावावर लिहीन. तुरळवर.

"तुरळ?" तो हसला. "काका, माझी मावशी तिथलीच. दर मे महिन्यात असायचो मी तिथं. काय आहे त्या तुरळला? एक कुंड आणि एक गिरणी. ते कोण वाचणार?"

"तू माझा लेख वाचला होतास ना?"

"मी पानात बसवला काका. वाचायला वेळ कुणाला होता?"

मी विचारलं, "गिरणीवाले दाजी आहेत का अजून?"

"कोण, एका हाताचे? ते तर कधीच गेले. चार-पाच वर्षं झाली असतील." त्याला कोणीतरी हाक मारली, तो निघाला, आणि जाता जाता वळून म्हणाला, "का हो?"

"काही नाही," मी म्हणालो.