सोनौलीत भेटलेला उमरेडचा माणूस

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या घरातून निघताना दीक्षाने आईला पुन्हा एकदा बजावलं.

"आई, नेपाळात जायले आपल्याले व्हिसा लागत नाही, फी लागत नाही. मतदार कार्ड खिडकीत दाखवायचं अन् लगेच परत घ्यायचं. बसमध्ये चढून कोणी कार्ड मागितलं, तर देऊ नको. कितीही गोड बोलू दे."

"नाही देत वं बाई," इंदूबाई म्हणाल्या आणि नवरा-बायको दोघांची कार्डं त्यांनी पर्समधल्या चेनच्या कप्प्यात घातली.

विहारातल्या मंडळींनी मिळून बस ठरवली होती. बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि शेवटी सीमेपलीकडे लुंबिनी. इंदूबाईंचे यजमान मधुकरराव यांचा सगळा जीव त्या शेवटच्या गावात होता. गांधीबागेच्या कापडबाजारात दुसऱ्याच्या दुकानात कापड फाडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाले आणि हृदयाने त्रास द्यायला सुरुवात केली. डॉक्टर लांबच्या प्रवासाला तयारच नव्हते. "या वर्षी जाऊन या, पुढचं पुढे बघू," असं म्हणून त्यांनी कशीबशी परवानगी दिली होती. त्या 'पुढचं पुढे'चा अर्थ इंदूबाईंना कळला होता. मधुकररावांनाही कळला असावा.

सीमेवरच्या सोनौलीला बस पोचली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. पुढे ट्रकची न संपणारी रांग. ड्रायव्हर गाडीचा परवाना काढायला खाली उतरला आणि गर्दीत दिसेनासा झाला. मधुकरराव खिडकीला डोकं टेकून बसले होते. शर्ट पाठीला चिकटला होता.

तेवढ्यात एक तिशीतला माणूस बसमध्ये चढला. गळ्यात कसलंसं ओळखपत्र, हातात कापडी पिशवी.

"जय भीम मंडळी! नागपूरची पाटी दिसली म्हणून आलो. मी विक्की. उमरेडचा."

सगळी बस एकदम जागी झाली. इतके दिवस कानावर परकी बोली पडत होती. कोणी पाण्याची बाटली पुढे केली, कोणी चिवड्याची पुडी. सहलीची व्यवस्था पाहणारा सुशील तर त्याच्या गळ्यातच पडला.

मधुकररावांनी मात्र विचारलं, "उमरेडचा कुठला गा?"

"बसस्टँडच्या मागचा, काका. आमच्या घरचे सारे मागावर बसत. आजा विणायचा, बाप कोळशाच्या खाणीत गेला. गांधीबागेत आमचे लुगडे विकायले यायचे."

मधुकररावांचा चेहरा उजळला. उमरेडच्या विणकरांचे गठ्ठे त्यांनी कितीदा स्वतः सोडले होते.

विक्कीने मग कामाचं सांगितलं. खिडकीवर मोठी रांग आहे, म्हातारी माणसं उन्हात चक्कर येऊन पडताहेत. सगळ्यांची कार्डं एकत्र द्या, मी आत नेऊन नावं चढवून आणतो. कोणाला उतरायचं कामच नाही.

सुशीलने पहिलं कार्ड दिलं, आपला फोन नंबरही दिला. मग एकामागून एक सगळ्यांनी. इंदूबाईंनी पर्स घट्ट धरली. "आपण उतरून दाखवू ना," त्या हळूच म्हणाल्या.

"आपल्या माणसावर काहून संशय घेतं वं?" मधुकरराव म्हणाले. सगळे ऐकत होते. विक्की खाली मान घालून उभा होता, जणू त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. इंदूबाईंनी चेन उघडली. कार्डं पिशवीत टाकून विक्की खाली उतरला.

ड्रायव्हर परत यायला बराच वेळ लागला. विक्कीबद्दल ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "अशी कार्डं कोणी गोळा करत नाही, भाऊ! ज्याचं त्याने दाखवायचं असतं."

त्याच वेळी सुशीलचा फोन वाजला. विक्की होता. साहेबाने कार्डं अडकवली आहेत, माणशी पैसे दिल्याशिवाय सोडत नाही, असं सांगत होता. बसमध्ये एकच कालवा झाला. कोणी रडू लागलं, कोणी म्हणालं देऊन टाका आणि मोकळे व्हा. सुशील फोन हातात धरून नुसता उभा होता.

इंदूबाई उठल्या. शाळेत शिकवणारी शेजारची दिपाली त्यांच्याबरोबर निघाली. चौकीवरच्या महिला शिपायाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हमारे यहाँ कोई कार्ड नहीं रखता. दिखे तो पकड़कर रखिए, मैं आती हूँ।"

विक्की ट्रकच्या रांगेमागे एका टपरीवर सापडला. पिशवी मांडीवर, हातात चहा. दिपाली शिपायाला बोलवायला मागे पळाली. इंदूबाई एकट्याच त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कार्डं दे."

त्याने इकडेतिकडे पाहिलं, पिशवीत हात घातला आणि दोन कार्डं काढून पुढे धरली. इंदूबाईंना आपला आणि मधुकररावांचा फोटो दिसला.

"मावशी, हे तुमचे दोन घ्या अन् गुपचूप जा. काकांची तब्येत बरी नाही, मले दिसलं. बाकीच्यांचं मी पाहतो."

हात पुढे केला असता तर कार्डं मिळाली असती. इंदूबाईंचा हात थोडा उचललाही गेला. पण बसमध्ये रडणारी बाई डोळ्यांपुढे आली.

"सारेच दे," त्या म्हणाल्या. "मी दोन घेऊन त्यायच्यात कशी जाऊन बसू?"

"मावशी, ऐका—"

"तू खरंच उमरेडचा आहेस का रे?"

"आहो ना. ते खोटं काहून सांगीन?"

तो हे अगदी सहज बोलला. खोटारडा निघाला असता तर बरं, असं इंदूबाईंना वाटून गेलं. त्यांनी पिशवीचा पट्टा धरला. मागून शिट्टी वाजली, महिला शिपाई धावत येत होती. विक्कीने हिसका दिला, पट्टा तुटला, कार्डं धुळीत पसरली आणि तो ट्रकांच्या फटीतून पळाला. त्याच्या मुठीतली दोन कार्डं त्याच्याबरोबरच गेली.

सगळ्यांची कार्डं मिळाली. फक्त त्या दोघांची नाही.

या गोंधळानंतर त्या दिवशी तपासणी कडक झाली. दिपालीने विनवण्या केल्या, मधुकररावांच्या औषधांची पिशवी दाखवली. खिडकीतल्या माणसालाही वाईट वाटलं, पण मूळ कार्डाशिवाय तो सोडायला तयार नव्हता. शेवटी मधुकररावच म्हणाले, "तुम्ही जा. परत येताना आम्हाले घ्या." सुशील थांबायला तयार होता, पण त्यांनी त्यालाही पिटाळलं.

बस कमानीखालून पलीकडे गेली. ती दोघं एका लॉजच्या पायरीवर बसून पाहत राहिली. लोक पायी जात होते, सायकलरिक्षा जात होत्या, शेळ्या हाकत एक बाई गेली. मधुकररावांनी गोळी घेतली. रागाचा एक शब्दही ते बोलले नाहीत, आणि तेच इंदूबाईंना सोसवेना.

नागपूरला परतल्यावर विहारात इंदूबाईंचं फार कौतुक झालं. सुशीलने साऱ्यांसमोर त्यांची माफी मागितली. टाळ्या वाजल्या. इंदूबाई जमिनीकडे पाहत राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी विचारलंच. "तो ते दोन कार्डं देत होता. मी घ्यायले पाहिजे होते का?"

मधुकरराव चप्पल काढत होते. ते थांबले.

"घ्यायले पाहिजे होते," ते म्हणाले. "मले जायचं होतं वं. लय जायचं होतं."

इंदूबाईंनी मान हलवली. त्यांना रडू आलं, आणि आश्चर्य म्हणजे थोडं हलकंही वाटलं. निदान ते बोलले तरी.

"पण तू काही घेतले नसते," थोड्या वेळाने ते म्हणाले. "मले माहीत आहे."

त्यात दोष होता की आणखी काही, ते इंदूबाईंना समजलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. दीक्षा आतून नव्या कार्डाच्या अर्जासाठी दोघांना फोटो काढायला बोलावत होती. मधुकरराव उठले आणि आरशासमोर जाऊन भांग पाडू लागले.