आत्याबाईंचा अर्ज

आत्याबाईंनी पाकिटाची कड कात्रीने कापली, आतले कागद बाहेर ओढले आणि पहिलाच कागद पाहून चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. कागद ओळखीचा निघाला होता, एवढंच. वर ठळक अक्षरांत 'मदतीसाठी अर्ज', खाली आठ प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाखाली आखलेल्या रेघा. त्यांच्याच संस्थेचा अर्ज, त्यांच्याच कपाटातून गेलेला. फक्त संस्थेच्या छापील नावावर कुणीतरी पट्टी ठेवून सरळ रेघ मारली होती आणि वर परक्या लिपीत दुसरं नाव लिहिलं होतं. बाकी अर्ज कोरा होता.

"हे कोरंच का पाठवलंय?" त्यांनी विचारलं. "शाई संपली की काय त्यांची?"

समोरच्या खुर्चीत कप्तान बसले होते. कप्तान म्हणजे कप्तान नव्हेत. त्यांनी तीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाक केला होता. पण निवृत्त होऊन घरी आल्यावर गल्लीने त्यांना परस्पर बढती दिली आणि त्यांनीही ती कधी नाकारली नाही. बंदराबंदरांत बाजारहाट करता करता चार भाषा पदरात पडल्या होत्या. संस्थेची परदेशची पत्रं तेच वाचून दाखवत आणि उत्तरंही तेच लिहीत.

त्यांनी सोबतचं पत्र एकदा मनात वाचलं. मग मिशीवरून हात फिरवला.

"आत्याबाई, हा अर्ज त्यांनी भरलेला नाही. तुम्ही भरायचाय."

संस्था तशी छोटीच. आत्याबाईंच्या वडलांचं गाद्यांचं दुकान होतं. दुकानाच्या मिळकतीतून देवाचा वाटा आधी बाजूला काढायचा आणि उरलेल्यात घर चालवायचं, अशी त्यांची रीत. तो वाटा निम्मा गावातल्या गरिबांना जाई आणि निम्मा समुद्रापलीकडे. देवाचा पत्ता आपल्या गल्लीपुरता नाही, असं ते म्हणत. त्यांच्या मागे दुकान धाकट्या भावाने सांभाळलं आणि संस्था आत्याबाईंनी. दर गुरुवारी दुकानावरच्या खोलीत आत्याबाई, भाऊ आणि भावाची मुलगी असे तिघं पाच मिनिटं डोळे मिटून प्रार्थना करत आणि मग आलेले अर्ज वाचत. आठही प्रश्नांची उत्तरं असल्याशिवाय छदाम सुटत नसे. या बाबतीत आत्याबाई देवाच्याही एक पाऊल पुढे होत्या.

अकरा वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या एका बंदरातल्या बायकांना संस्थेने सहा शिवणयंत्रं पाठवली होती. तेव्हापासून वर्षाला एक पत्र येई, एक जाई. या वर्षीचं जायला उशीर झाला, कारण पावसाळ्यात नदी गावात घुसली आणि दुकानात कमरेइतकं पाणी चढलं. थंडीत रात्रनिवाऱ्यातल्या चाळीस खाटांवर घालायच्या रजया संस्था दर वर्षी देत असे. त्या तयार होऊन खालच्या फळीवर रचल्या होत्या. सगळ्या गेल्या. कापूस पिंजायचं यंत्रही गेलं. आत्याबाईंनी पत्रात हे लिहिलं ते केवळ उशिराबद्दल माफी मागताना, आणि शेवटी ठासून लिहिलं, 'काळजी नसावी. आमचं आम्ही बघू.'

"वाचा तर खरं," त्या म्हणाल्या.

कप्तानांनी घसा साफ केला.

"'बाईसाहेब, तुमचं पत्र आम्ही गुरुवारी सगळ्याजणींसमोर वाचलं. तुमचं तुम्ही बघाल असं लिहिलंय. आम्हीही पूर्वी असंच म्हणायचो. शिवणाच्या मिळकतीतून आम्हीही आता देवाचा वाटा बाजूला काढतो. तो कुणाला द्यायचा हे ठरवायला तुमचाच अर्ज वापरतो, कारण दुसरा आम्हाला माहीत नाही. चाळीस रजया आम्ही शिवून देऊ. जहाज महिनाअखेरीस सुटतं, म्हणून आठवड्यात शिवायला घ्यावं लागेल. पण अर्ज भरल्याशिवाय देता येत नाही. हे तुम्हाला आम्ही काय सांगावं! तुमची, थोरली शिंपीण.'"

भाची खिडकीपाशी उभी होती. ती परिचारिका होती आणि सकाळची पाळी संपवून आली होती. तिने तोंडावर हात धरला आणि खांदे हलवत उभी राहिली.

"हसायला काय झालं?" आत्याबाई कडाडल्या. "मागायचं? मी? आपण देणारी माणसं. त्यांच्याकडेच असेल नसेल तेवढं आणि आपण हात पसरायचा? लिहा कप्तान: आभारी आहोत, गरज नाही."

"आत्या, गरज नाही कशी?" भाची म्हणाली. "मी आज निवाऱ्यात तपासणीला गेले होते. तो म्हातारा हमाल एकावर एक दोन शर्ट घालून झोपतो, तिसरा कानाला गुंडाळतो. मला म्हणाला, सगळं कपाट अंगावर घातलंय, आता चोराची भीती नाही. आणि अजून खरी थंडी पडायचीय."

"तुझे बाबा शिवतील."

भाचीने जिन्याकडे पाहिलं. खाली दुकान होतं आणि दुकानात तिचे बाबा होते. शिवणं दूरच, पाणी ओसरल्यापासून त्यांनी सुई हातात धरली नव्हती. अर्धं शटर ओढून ते गंजलेल्या यंत्राशेजारी स्टुलावर बसून राहत. हा माणूस हसण्यासाठी बदनाम होता. त्याचं हसू चौकापर्यंत ऐकू जाई आणि गादी घ्यायला आलेली माणसं उशी विसरून जात. आता विचारलं तर 'हो', नाहीतर 'नाही'. आत्याबाई त्याच्यासमोर चहाचा कप ठेवत आणि तासाभराने तो गार झालेला कप उचलून नेत. मोरीत ओतताना त्या नळ मोठा सोडत.

"बघू," त्या म्हणाल्या आणि अर्ज उलटा करून ठेवला.

गुरुवारी तिघं प्रार्थनेला बसले. कप्तान रीतीप्रमाणे दाराशी बसले. आत्याबाईंनी डोळे मिटले, पण त्यांना काही सुचेना. कानाला शर्ट गुंडाळलेला हमाल तेवढा दिसत राहिला. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी एक डोळा उघडला. चौथ्या मिनिटाला हात लांब करून अर्ज ओढला. पाचव्या मिनिटाला पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज झाला, तेव्हा भाचीनेही एक डोळा उघडला आणि लगेच मिटून घेतला.

पहिले पाच प्रश्न आत्याबाईंनी झपाट्याने निकालात काढले. परिस्थितीचं वर्णन करायला तीन रेघा पुरल्या नाहीत म्हणून पुरवणी जोडली; तीत कानाला तिसरा शर्ट गुंडाळणारा हमालही आला. इतर अर्जदारांनी पुरवणी जोडली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत, ही गोष्ट वेगळी. सहाव्या प्रश्नावर मात्र पेन थांबलं.

"'तुमचे नातेवाईक तुम्हाला मदत का करू शकत नाहीत? कारण द्या,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "काय पण विचारणं! हा आगाऊ प्रश्न घातला कुणी?"

"तुम्हीच," कप्तान दारातून म्हणाले. "तुमच्या वडलांच्या अर्जात सातच होते."

आत्याबाईंनी समोर पाहिलं. नातेवाईक म्हणजे हा एवढा एक भाऊ, हात मांडीवर ठेवून जमिनीकडे बघत बसलेला. त्याच्यासमोर याचं काय कारण लिहायचं? त्यांचे कान तापले. इतक्या वर्षांत किती माणसांना आपण हे लिहायला लावलं, या विचाराने त्यांना लाज वाटली, अगदी घाम फुटण्याइतकी. शेवटी त्यांनी लिहिलं, 'त्यांचंही आमच्याबरोबरच भिजलं.' मग भाचीकडे न बघता म्हणाल्या, "पुढच्या छपाईत हा सहावा काढून टाक."

सातवा झाला. आठवा वडलांच्या हातचा होता: 'तुमच्यासाठी आम्ही कोणती प्रार्थना करावी?' तिथे आत्याबाईंनी एक आडवी रेघ ओढली, सही ठोकली आणि अर्ज कप्तानांच्या हातात दिला. कप्तानांनी रेघांमधल्या जागेत भाषांतर लिहिलं आणि फोनवर फोटो काढून समुद्रापलीकडे पाठवला. भाऊ उठून खाली गेला.

शनिवारी दुपारी कप्तान जिना चढून आले ते दर दोन पायऱ्यांना थांबत. त्यांना दमा नव्हता. हसू आवरत नव्हतं.

"आत्याबाई, नापास झालात."

"म्हणजे?"

"अर्ज परत आलाय. अपूर्ण. हे बघा, आठव्याभोवती लाल गोल."

आत्याबाईंनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. गोल चांगलाच ठसठशीत होता.

"अपूर्ण? माझा अर्ज अपूर्ण?"

"आपणही परत पाठवतोच की, आत्या," भाची म्हणाली. "त्यांचा नव्हता का पाठवला पहिल्या वर्षी? याच रेघेसाठी."

आत्याबाईंनी फोन कप्तानांना परत दिला.

"चिठ्ठीही आहे," कप्तान म्हणाले. "'बाईसाहेब, कापड बेतून तयार आहे. पण आम्ही शिवताना घेणाऱ्याची प्रार्थना मनात म्हणतो, टाक्याटाक्याला. तुम्ही काही लिहिलंच नाही, तर आम्ही एकोणीस जणींनी काय म्हणायचं? सोमवारपर्यंत कळवा. त्यानंतर घेतलं तर जहाज सापडणार नाही.'"

आत्याबाई खुर्चीत बसल्या. आतापर्यंत त्यांनी लोकांच्या शेकडो प्रार्थना मोठ्याने वाचल्या होत्या: कुणाचा पाय बरा होवो, कुणाच्या मुलीला काम मिळो, कुणाची म्हैस सापडो. म्हशीचीसुद्धा त्यांनी मनापासून केली होती. स्वतःचं काही असं कुणाच्या हातात कधी दिलं नव्हतं. त्यांनी मूळ अर्ज मागून घेतला आणि रेघेच्या खाली लिहायला सुरुवात केली. लिहिताना त्यांनी डावा हात कागदाभोवती धरला होता, शाळेत उत्तर झाकतात तसा.

लिहून झाल्यावर त्यांनी कागद कप्तानांपुढे सरकवला आणि खिडकीतून बाहेर बघू लागल्या.

भाषांतर करण्याआधी मजकूर मोठ्याने वाचायचा, ही कप्तानांची सवय. जहाजावर यादीतला एक शब्द चुकला की तीस माणसं आठवडाभर बेचव जेवत, तेव्हापासूनची.

"'माझ्या धाकट्या भावासाठी प्रार्थना करावी,'" त्यांनी वाचलं. "'पूर आल्यापासून तो हसलेला नाही. रजयांचं काहीतरी होईल. पण त्याच्या हसण्यावाचून मला या घरात करमत नाही. तो साठीचा आहे, पण मी त्याला कडेवर घेतलेलं आहे.'"

जिन्याची वरची पायरी वाजली. सगळ्यांनी वळून पाहिलं. भाऊ दारात उभा होता. हातात चहाचा रिकामा कप होता. आज तो स्वतःच वर घेऊन आला होता.

आत्याबाईंनी कप्तानांकडे असं पाहिलं, की जहाज असतं तर बुडालंच असतं.

भावाने कप टेबलावर ठेवला. कागदावर वाकून त्याने पुरवणीसकट सगळं एकदा वाचलं, बोट ठेवून.

"ताई, एकोणीस बायका समुद्रापलीकडे बसून माझ्या हसण्यासाठी प्रार्थना करणार?"

"हो."

"टाके घालता घालता?"

"टाक्याटाक्याला, म्हणे."

"चाळीसही रजयांत?"

"आता जेवढ्या शिवतील तेवढ्यांत," आत्याबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या. "तुला आवडलं नसेल तर..."

"म्हणजे निवाऱ्यात तो म्हातारा हमाल," भाऊ सावकाश म्हणाला, "रोज माझं हसू पांघरून झोपणार?"

आधी वाटलं, त्याला खोकला आला. त्याने टेबलाची कड धरली. मग ते पोटातून निघालं, छातीत अडखळलं आणि एकदम सुटलं. खिडकीची तावदानं थरथरली. समोरच्या दुकानातला न्हावी वस्तरा तसाच हातात धरून बाहेर आला आणि वर बघू लागला. त्याच्यामागून तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईकही आलं. भाची हसत होती आणि डोळे पुसत होती. कप्तान आपलं निमित्तच शोधत होते, तेही मांडीवर थापा मारत सामील झाले. भाऊ थांबे, "कानाला तिसरा शर्ट!" म्हणे आणि पुन्हा सुरू होई. आत्याबाई त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. त्यांच्या गालांवरून सरळ पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

बऱ्याच वेळाने खोली शांत झाली. कप्तानांनी अर्ज पुन्हा हातात घेतला आणि त्यांची पंचाईत झाली.

"आत्याबाई, आता हे कसं पाठवू? 'हसलेला नाही' लिहिलंय. हे तर आत्ताच खोटं ठरलं. खोडायचं का?"

आत्याबाईंनी भावाकडे पाहिलं. तो खिडकीत जाऊन न्हाव्याला हातानेच 'काही नाही, काही नाही' सांगत होता.

"खोडू नका," त्या म्हणाल्या. "पाठवा तसंच. एकदा हसून काय होतंय? टिकायला हवं."