त्या संध्याकाळी मी रिकामा झालो नाही

मित्रांनो, मी एक जुना, निळा, कान तुटलेला क्रेट आहे. प्लास्टिकच्या कारखान्यात जन्मलो, तरी मी स्वतःला कृष्णाकाठचाच समजतो. माझे मालक लालासाहेब यांच्या टोमॅटोंनी काठोकाठ भरून कराडच्या बाजारात निघालो, की माझा थाट काय विचारता! पुढे कान तुटला आणि मालकीणबाई बनुबाई माझ्यात कोंबडी अंड्यांवर बसवू लागल्या.

यंदा चांदोलीच्या जंगलात लांबून वाघीण आणून सोडली. गावभर तिचे केवढे कौतुक! आमच्याच उसात बिबट्याची मादी व्याली आहे, हे मात्र कुणाच्या गावीही नव्हते.

ऊसतोड सुरू झाली आणि सरीत दोन पिल्ले सापडली. वनरक्षक राजनंदिनीताईंनी तोड थांबवली आणि पिल्ले माझ्यात घालून मला तिथेच ठेवले. दिवेलागणीला आई आली. एकाला अलगद तोंडात धरून ती ओढ्याकडे गेली, ती त्या दिवशी परतली नाही.

"काका, दुसरं उद्या नेईल ती. तोवर ऊस पेटवू नका," असे सांगून ताई उरलेले पिल्लू डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. लालासाहेबांनी शब्द दिला. ते फौजेतले, शब्दाचे पक्के.

पण सकाळी तोडणी टोळीचा मुकादम अडून बसला. पाचट, म्हणजे उसाची वाळकी पाने, जाळले की ऊस झटपट तुटतो. नाहीतर टोळी दुसऱ्याच्या फडात जाणार होती.

"आवं, आजच्या दिस थांबा की," बनुबाई म्हणाल्या.

"अगं, ती गेली की पिल्लू घिऊन. आता उसात कोण हाय?" लालासाहेबांनी काडी ओढली. बांधावर पडल्या पडल्या मला ओरडता आले असते तर!

संध्याकाळी ताई पिल्लू घेऊन परतल्या. काळ्या पडलेल्या रानात मला ठेवून त्यांनी पिल्लू माझ्यात घातले. ते आईला हाका मारू लागले. बांधावर आई दिसली. तिने पाय पुढे टाकला, गरम राखेवरून झटकन मागे घेतला आणि ती वळली. पुन्हा आलीच नाही. मी बाजारात भरलेला असलो की लोक खूश व्हायचे. त्या संध्याकाळी मात्र रिकामे व्हायला मी तळमळत होतो.

पिल्लू आता पिंजऱ्यात वाढते आहे. लालासाहेब त्याला बघायला गेले होते. "माजं लय चुकलं," एवढेच ते घरी येऊन बोलले.

मित्रांनो, तुमच्या घरचा ऊस तोडायला आला आणि त्यात पिल्लू सापडले, की मोठ्यांचा हात धरा. काडी ओढू देऊ नका. एक दिवस थांबायला सांगा.

बनुबाईंनी मला घासूनपुसून पुन्हा अंडी मांडली आहेत. पण कोंबडी माझ्यात बसत नाही. तिला अजून त्या पिल्लाचा वास येतो.