नाताळचा उमेदवार

मिशी अजून नीट फुटली नव्हती, तरी मॉर्मन चर्चच्या रिवाजानं राजमहेंद्रीहून धर्मप्रचाराला आलेला एकोणीस वर्षांचा तलारी 'एल्डर' झाला होता, म्हणजे वडीलधारा. चहा नाही, कॉफी नाही, सिनेमा नाही, आणि जोडीदार एल्डर दासला सोडून कोपऱ्यापर्यंतही जायचं नाही. एवढं पुण्य अंगात मावेना, म्हणून नाताळच्या आठवड्यात दोघं पुंडलिकनगरात सेवा करायला निघाले.

सेवेला गिऱ्हाईक कमी नव्हतं. यमुनाबाईंनी पाण्याची टाकी धुऊन घेतली. शेजारच्या भानुमतीबाईंनी गव्हाचं पोतं तिसऱ्या मजल्यावर चढवून घेतलं. येशूचं नाव काढलं की मात्र सगळ्यांना कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या.

नाताळच्या सकाळी आईला फोन करायचा सोडून तलारी यमुनाबाईंचा माळा झाडत होता. दास खाली शिडी धरून उभा. काम संपल्यावर यमुनाबाईंनी चहा पुढं केला. दोघांनी हात जोडून नको म्हटलं.

यमुनाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तलारीच्या छातीवरचा बिल्ला निरखला. येशू ख्रिस्ताचं नाव मोठ्या अक्षरांत होतं.

"साहेबांचं नाव मोठंच पाहिजे, बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही उभे कोणत्या वॉर्डातून?"

तलारी गडबडला. "निवडणूक नाही, मावशी. मला काहीच नको. नुसती सेवा."

"मागचाही हेच म्हणाला होता," यमुनाबाई कप उचलत म्हणाल्या. "पण निवडून येईपर्यंत तो निदान आमच्या घरचा चहा तरी प्यायचा."