एक चढाई मागे

कबड्डीत एक चढाई तीस सेकंदांची असते. लग्नानंतर सत्तावीस वर्षं मला हे माहीत नव्हतं. माझा नवरा प्रविण आणि त्याचे वडील, म्हणजे आबा, यांना मात्र घड्याळ न बघता कळायचं की वेळ संपत आली, आता गड्याने परत फिरायला हवं.

आम्ही रोह्याला, पुलापलीकडे अष्टमीत राहायचो. आबा पेणला. टीव्हीवर लीगचे सामने सुरू झाले की आठला पाच मिनिटं असताना आबांचा फोन यायचा. प्रविण फोन स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवायचा, आणि दोघे आपापल्या टीव्हीसमोर बसून एकच सामना बघायचे. बोलायचे फारसे नाहीत. ‘धरला’, ‘गेला’, ‘अरे, हात कुठं घालतोस’, एवढंच. मी धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत होते. आतल्या खोलीत बसून मी रिपोर्ट तपासायचे आणि बाहेरून हे दोन आवाज येत राहायचे.

प्रविण गेला त्याला तीन वर्षं झाली. तो गेल्यावर पहिल्यांदा लीग सुरू झाली त्या दिवशी आठला पाच मिनिटं असताना फोन वाजला. मी उचलला. आबा म्हणाले, “लाव गो.”

मी टीव्ही लावला.

त्यांनी मला खेळ शिकवला तो असा, फोनवरून. “तू कंपनीत बाटल्या बघतेस ना? तसंच बघ. तोंडाकडं नको बघू. तोंड खोटं बोलतं. पायाकडं बघ.” पकड झाली की लगेच परीक्षा. “सांग, कोणी धरला?”

“डाव्या कोपऱ्यातल्या गड्याने.”

“नि त्याच्या बाजूचा कव्हरवाला काय करत व्हता?”

“उभा होता.”

“उभा व्हता! पैसे उभं राह्यचे घेतो तो.”

कबड्डी सोडून आमच्यात बोलण्यासारखं फार नव्हतं. जेवलात का, गोळी घेतली का, पुतळी येऊन गेली का. पुतळी ही माझी नणंद, जिते गावात दिलेली, आठवड्यातून दोनदा आबांकडे येते. मी पेणला राहायला जावं किंवा आबांनी इकडे यावं, असं कधी कोणी कोणाला विचारलं नाही. पण लीगच्या दिवसांत आठवड्यातून चार-पाच संध्याकाळी माझ्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज असायचा. बाकी माझ्या घरात आवाज म्हणजे फ्रिजचा. तो सुरू झालेला कळत नाही, बंद पडला की कळतं.

मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. या वर्षी सामने सुरू व्हायच्या आठवड्यात केबलवाला आदेश दारात आला.

“मॅडम, स्पोर्टचा पॅक आता वेगळा झालाय. सगळं मिळून सहाशे दहा.”

“मला फक्त कबड्डी लागते.”

“एकटी कबड्डी नाय मिळत. तिच्याबरोबर गोल्फ पण घ्यायला लागतो.” तो हसला. “फ्री डिश बसवा, एकदा पैसे भरले की संपलं. पण तुमचे लीगचे सगळे सामने तिच्यावर नाय येणार. नायतर कोणाचा तरी पासवर्ड घ्या. अर्धी अष्टमी एका पासवर्डवर बघते मॅडम, तुम्हीच तेवढ्या राह्यल्यात.”

पासवर्ड मागायला मला कोणी नव्हतं. मी कागदावर चार रकाने आखले आणि प्रत्येक पर्यायाचा तीन महिन्यांचा खर्च मांडला. फोनवर बघायचं वर्गणीचं ॲप सगळ्यांत स्वस्त पडत होतं. तीन महिन्यांचे पैसे केबलच्या अर्ध्या महिन्याहून कमी. अट एकच, चित्र फक्त मोबाइलवर दिसणार. मोबाइल माझ्याकडे दोन होते. प्रविणचा नंबर मी अजून चालू ठेवला आहे. बँकेचे ओटीपी त्यावर येतात, असं मी विचारणाऱ्याला सांगते. त्याच्या फोनवर ॲप घेतलं आणि आदेशला केबल बंद करायला सांगितली.

आबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मी भरतो. शिवाय केबल प्रविणने घेतली होती. आणि मला वाटलं, सांगण्यासारखं आहे काय? सामना तोच, चित्र तेच.

पहिल्या दिवशी मी प्रविणचा फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. माझा फोन स्पीकरवर, शेजारी.

“गेला!” आबा ओरडले.

माझ्या पडद्यावर गडी अजून मध्यरेषेवर उभा राहून मांडीवर थाप मारत होता.

मला वाटलं, आबांना पुढचं कळलं. त्यांना कळायचंही कधीकधी, गड्याच्या पहिल्या पावलावरून. पण थोड्या वेळाने तो गडी खरंच बाद झाला, तोवर आबा दुसऱ्याच कोणावर तरी चिडले होते. असं तीनदा झाल्यावर मी घड्याळ घेतलं. आबांच्या ओरडण्यापासून माझ्या पडद्यावर तीच गोष्ट होईपर्यंत किती वेळ जातो, ते मोजलं. छत्तीस सेकंद. एकेचाळीस. चौतीस. इंटरनेटवरचं चित्र तुकड्यातुकड्यांनी येतं, आणि फोन थोडे तुकडे साठवल्याशिवाय दाखवायला सुरुवात करत नाही. केबलवर एवढा उशीर होत नाही. सरासरी सदतीस सेकंद. म्हणजे मी आबांच्या पूर्ण एक चढाई मागे होते, आणि वर थोडं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्याऐवजी उपाय शोधला. पडद्याकडे न बघता आबांच्या आवाजाकडे लक्ष द्यायचं. ते ‘धरला’ म्हणाले की आपण ‘हो, मस्त धरला’ म्हणायचं. दोन दिवस ते चाललं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “सांग, कोणी धरला?”

मी अंदाजाने म्हटलं, “उजव्या कोपऱ्याने.”

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

“बरं,” आबा म्हणाले.

सदतीस सेकंदांनी मी बघितलं. गड्याला कोणी धरलंच नव्हतं. तो आपल्या पायाने रेषेबाहेर गेला होता. ‘धरला’ असं आबा या वेळी म्हणाले तरी होते का, ते मला आठवेना. बहुतेक नव्हतेच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी एकदाही विचारलं नाही. सोमवारी आठला पाच मिनिटं असताना फोन आला नाही. मी केला. “आज डोकं जड हाय,” ते म्हणाले. मंगळवारी म्हणाले, “कंटाळा आलाय गो, झोपतो.” बुधवारी त्यांनी उचलला नाही.

बुधवारचा सामना मी एकटीने बघितला. आता उशीर असला तरी काही बिघडत नव्हतं. कोणाच्या पुढे किंवा मागे असण्यासाठी दुसरं माणूस लागतं. डब्याला टेकवलेल्या त्या एवढ्याशा पडद्यावर चौदा माणसं धावत होती, आणि पायांकडे बघूनही मला काही दिसेना. मध्यंतरात मी बंद केलं आणि ताट धुवायला गेले. एकच ताट होतं, ते दोनदा धुतलं.

गुरुवारी पुतळीचा फोन.

“वहिनी, तुमचं नि आबांचं काय झालंय?”

“काही नाही. त्यांना बरं नाहीये ना?”

“बरं नाय? काल भाकऱ्या खाल्ल्या तीन. मॅच लावून बसले व्हते, नि फोन उलटा करून उशीखाली. मी म्हटलं, वहिनीचा वाजतोय. तर म्हणतात, राहू दे. तिला गोडी नाय राह्यली. ती तिकडं भाजी चिरते नि माझं ऐकून नुसती हो हो करते. म्हाताऱ्यावर दया करते.” पुतळीने आवाज खाली आणला. “खरं हाय काय वहिनी?”

“भाजी चिरत नव्हते,” मी म्हटलं. बाकीचं मला नाकारता येईना.

शनिवारी दुपारच्या गाडीने मी पेणला गेले. शेजारच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्ती वाळत घातल्या होत्या, अजून रंग न दिलेल्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. आबा ओटीवर बसले होते.

“आज वाट कशी चुकलीस?”

“चहा करते,” मी म्हटलं.

चहा झाला. माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली, त्यांच्या डोळ्यांची झाली. फोनबद्दल ते बोलले नाहीत. आठला त्यांनी टीव्ही लावला आणि खुर्ची माझ्याकडे न सरकवता स्वतः पलंगावर बसले. मी पिशवीतून प्रविणचा फोन काढला, ॲप सुरू केलं आणि टीव्हीच्या पुढ्यात उभा करून ठेवला.

“हा पव्याचा ना?”

“हो. केबल परवडेना आबा. बंद केली. मी ह्याच्यावर बघते. आणि हा मागून येतो.”

“मागून म्हंजे?”

“तुम्हीच बघा.”

टीव्हीवर निळ्या बनियनचा एक लांबलचक गडी चढाईला गेला, डाव्या कोपऱ्यात घुसला, आणि तिघांनी त्याला दाबला. आबांनी मांडीवर हात आपटला. मग त्यांची नजर खाली फोनकडे गेली. तिथे तोच गडी मध्यरेषेवर उभा होता. बनियन खाली ओढत, समोरच्यांकडे बघत.

आबांनी टीव्हीकडे बघितलं. पुन्हा फोनकडे.

“हा अजून जायचाय?”

“हो.”

“हा तर बाद झाला की आता.”

“तुमच्याकडे झाला.”

ते पलंगावरून उठले आणि गुडघ्यावर हात देत फोनपुढे जमिनीवर बसले. टीव्हीवर पुढची चढाई सुरू झाली होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. फोनमधला गडी हलला.

“ह्याला सांग गो,” आबा म्हणाले, “नको जाऊ त्या कोपऱ्यात.”

गडी गेला. तिघांनी त्याला दाबला. आबांनी बोटाने फोनची काच पुसली. तिथे एका कोपऱ्यात जुना तडा आहे, तो पुसून जात नाही.

“मग उजवा कोपरा का म्हणालीस त्या दिवशी?”

“अंदाजाने.”

“कोपरा नव्हताच त्याच्यात. पोरगा आपणहून बाहेर गेला.”

“मग बघितलं मी. सदतीस सेकंदांनी.”

“सदतीस मोजलेस व्हय!” ते हसले. आठवड्यात पहिल्यांदा मी तो आवाज ऐकला, आणि या वेळी स्पीकरशिवाय. “कंपनीवाली ती कंपनीवालीच.” मग हसू ओसरलं. “केबलचे मी भरतो.”

“नको.”

“का नको?”

“पुढच्या वर्षी ते आणखी वाढवतील. मग?”

आबा पलंगाला पाठ टेकून बसले. सामना दोन्हीकडे चालू होता, दोन वेगळ्या ठिकाणी.

“मिठागरावर कामाला असताना,” ते म्हणाले, “मॅच बघायला सगळ्यांना कुठली सुट्टी? पाणी सोडलेलं असायचं, मीठ ओढायचं असायचं. मग आमच्यातल्या एकट्या सखाला पाठवायचो. त्याचं काम आम्ही वाटून घ्यायचो. तो वडखळला, आणखी कुठं बघून यायचा, नि बांधावर उभा राहून अख्खी मॅच सांगायचा. खेळून दाखवायचा. एक मॅच दोन-दोन दिवस पुरवायचा गो. बघणाऱ्यांपेक्षा आम्हाला जास्त माहीत असायची.” त्यांनी प्रविणचा फोन उचलून माझ्या हातात दिला. “हा ठेव. तू कायपण लावू नको. मी सांगतो.”

आता आठला पाच मिनिटं असताना फोन येतो. “बसलीस?” आबा विचारतात. मी टीव्हीकडे पाठ करून खिडकीशी बसते. ॲपची मुदत अजून दीड महिना आहे. प्रविणचा फोन कपाटात असतो, फक्त चार्ज करायला बाहेर काढते.

आबा चांगलं सांगत नाहीत. संघांची नावं त्यांना लक्षात राहत नाहीत, ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ एवढ्यावर भागवतात. कधी ‘आपला’ कोण तेच मध्येच बदलतं. मी गुण विचारले की म्हणतात, “ते लिहिलेलं असतं खाली, मला दिसत नाय. पाय बघ... म्हंजे मी बघतो.” कधी मधेच सखाची एखादी जुनी चढाई यात मिसळते आणि ती लीगमध्ये झाली की वडखळला, ते मला कळत नाही. मी विचारतही नाही.

काल शेवटची चढाई उरली होती, गुण बरोबरीत. “आता बघ,” आबा म्हणाले. “आपला उठला. उंच हाय. गेला बघ आत...”

आणि ते गप्प झाले.

सामना रंगला की ते सांगायचं विसरतात. पलीकडून लोकांचा गलका येत होता, त्यांच्या पंख्याची खडखड, आणि अगदी फोनजवळ, त्यांचा श्वास. धरलेला, मग थोडा सोडलेला. काय झालं, असं मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी विचारलं नाही. चढाई तीस सेकंदांची असते. मी खिडकीशी बसून मनात मोजायला लागले.